जानेवारीत मुंबई ते श्रीनगर रेल्वेने: बर्फवृष्टीत गाडी अडकली तर?

मीनल_मुलुंड

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि आई (वय ७१) श्रीनगरला जातोय. आईच्या कानाचं दुखणं आहे, त्यामुळे विमान नको म्हणते. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने कटरा आणि पुढे वंदे भारतने श्रीनगर असा बेत आहे. चार रात्री तिकडे, त्यात एक दिवस गुलमर्ग, आणि त्याच वाटेने परत.

ऐन चिल्लई कलानमध्ये (काश्मीरमधल्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत) जातोय, याची कल्पना आहे. मला कळत नाहीये ते एवढंच: जोराचा बर्फ पडला तर रेल्वे बंद पडते का, आणि पडली तर किती वेळ? गाडी मधेच उभी राहिली तर डब्यात हीटर चालू राहतो का? कटऱ्याला पोचल्यावर त्याच दिवशीची पुढची गाडी धरावी की मुक्काम करावा? आणि एक गाडी चुकल्यामुळे दुसरीचं तिकीट वाया गेलं तर पैसे मिळतात का? आईला इन्सुलिन चालू आहे, तेही डोक्यात आहे.

बोरिवली_फास्ट

काही चिंता करू नका. बर्फ पडला की विमानं बंद, रस्ता बंद, रेल्वे मात्र चालूच असते. बोगद्यातून जाते ना गाडी. बिनधास्त जा.

खडी_आणि_रूळ

बोरिवलीकर, अर्धं बरोबर आहे. राहिलेलं अर्धं सांगतो, कारण ताईंचा सगळा बेत त्यावर अवलंबून आहे.

उधमपूर ते बारामुल्ला हा मार्ग २७२ किमीचा. त्यातला कटरा ते बनिहाल हा १११ किमीचा टप्पा सगळ्यात अवघड, म्हणून लोकांना भीती त्याची वाटते. पण या १११ पैकी सुमारे ९७ किमी गाडी बोगद्यात असते. डोंगराच्या पोटात ना बर्फ साचत, ना वारा लागत. मधे चिनाबचा पूल (नदीपासून ३५९ मीटर उंच, १,३१५ मीटर लांब) आणि अंजी खड्डचा तारांवर तोललेला पूल उघड्यावर आहेत, पण पुलावर गाडीला त्रास बर्फापेक्षा वाऱ्याचा. बनिहालच्या पुढे पीर पंजालचा ११.२ किमीचा बोगदा, आणि तो संपला की काझीगुंड.

खरी गोष्ट इथून सुरू होते. काझीगुंड ते बारामुल्ला ११८ किमी सपाट खोरं आहे, सगळं उघड्यावर. दिसायला सोपा तुकडा, पण बर्फाचा मार यालाच. त्यातही काझीगुंडच्या बाजूला श्रीनगरपेक्षा जास्त पडतो, कारण ते पीर पंजालच्या पायथ्याशी आहे. म्हणजे गाडी रखडलीच तर ती चिनाबच्या पुलावर नव्हे, तर बनिहाल, काझीगुंड, अनंतनाग किंवा श्रीनगर यांपैकी कुठल्या तरी स्टेशनात रखडण्याची शक्यता जास्त. हे चांगलंच आहे. स्टेशनात माणसं असतात, छप्पर असतं, चहा मिळतो.

आता गाडी थांबते कशाने. फूटभर भुसभुशीत बर्फ रुळावर असला तर इंजिन तो सहज ढकलत जातं. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे जवळजवळ पिसं. ओला किंवा दबलेला बर्फ २००–३०० किलोच्या पुढे जातो, आणि वाऱ्याने कटिंगमध्ये (डोंगर कापून रुळासाठी केलेल्या वाटेत) भरला तर कितीही उंच होतो. असा बर्फ काढायला खोऱ्यात स्नो कटर ठेवलेले असतात. रात्री बर्फ पडला की पहाटे आधी कटर, मग रिकामं इंजिन, मग प्रवासी गाडी. म्हणून रात्रभर बर्फ पडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाड्या उशिरा निघतात किंवा रद्द होतात, आणि दुपारपर्यंत गाडं रुळावर येतं. साधारण काही तासांचा खेळ. सतत दोन दिवस पडत राहिला तरच अख्खा दिवस जातो.

दुसरं कारण कोणी सांगत नाही: रूळ तुटणे. सलग जोडलेला रूळ थंडीत आकसायला बघतो, पण खडी आणि स्लीपर त्याला आकसू देत नाहीत, आणि आत ताण साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर एक अंशाला हा ताण सुमारे १.९ टन. समजा रूळ २५ अंशाला बसवलाय आणि पहाटे उणे ५ आहे, तर प्रत्येक रुळात ५७ टनांची ओढ. एखादा वेल्डिंगचा जोड कच्चा असेल तर तो अशा पहाटेच जातो. यात मेख अशी की ट्रॅक सर्किट (रुळातून वीज सोडून गाडी कुठे आहे ते ओळखणारी यंत्रणा) असेल तर रूळ तुटल्यावर सिग्नल बहुधा लाल होतो, पण त्याऐवजी ॲक्सल काउंटर असेल तर तो फक्त चाकं मोजतो, रूळ तुटल्याचं त्याला कळत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री ट्रॅकमन पायी गस्त घालतात, आणि गस्तीचा अहवाल येईपर्यंत पहिली गाडी सावकाश हाकतात. डब्यात बसलेल्या प्रवाशाला वाटतं, आकाश तर निरभ्र आहे, मग गाडी रांगते कशाला?

सांधेवाला_कुर्ला

वरचं सगळं मान्य, पण बर्फात गाड्या सगळ्यात जास्त अडतात त्या सांध्यांपायी (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा). तो मुद्दा राहिला.

सांधा बदलताना टंग रेल (सरकणारं निमुळतं पातं) ११५ मिमी सरकून स्टॉक रेलला (शेजारच्या पक्क्या रुळाला) चिकटते (नव्या जाड पात्याच्या सांध्यात १६० मिमी). ती पूर्ण चिकटली आणि कुलूप बसलं, तरच गाडीला जायचा सिग्नल मिळतो. आपल्याकडची चाचणी अशी: टोकापासून १५० मिमीवर दोन रुळांच्या मधे ५ मिमीचा तुकडा ठेवायचा, तेवढी फट राहिली तर सांधा लॉक होता कामा नये. म्हणजे पाच मिलीमीटर बर्फ दाबून तिथे बसला की यंत्रणा, अगदी बरोबर वागून, सिग्नल लालच ठेवते. लोक म्हणतात सिग्नल फेल. फेल काही नाही, तो आपलं काम करतोय.

हा बर्फ आभाळातूनच पडतो असं नाही. धावत्या डब्याच्या खालच्या बाजूला बर्फाची ढेकळं चिकटतात. स्टेशनात शिरताना धक्के बसले की नेमकी सांध्यावर गळतात. म्हणून सांधा साफ करून माणूस वळला, एक गाडी गेली, की पुन्हा तेच. बर्फवृष्टी चालू असताना सांध्याशी फावडं, ब्रश आणि खरवडणी घेऊन माणूस उभाच ठेवावा लागतो. उकळतं पाणी ओतणं हा हौशी उपाय. ते स्लाइड चेअरखाली (पातं ज्या पट्टीवर सरकतं तिच्याखाली) जाऊन अर्ध्या तासात गोठतं आणि आधीपेक्षा घट्ट बसतं. मीठही रुळाजवळ टाळतात, कारण गंज चढतो आणि खारट पाण्यातून ट्रॅक सर्किटची वीज गळते. थंड देशांत सांध्यांना विजेचे किंवा गॅसचे हीटर असतात. जपानमध्ये जोएत्सु शिंकान्सेनवर तर रुळांवर कोमट पाण्याचे फवारे मारतात. तिथे मुळात पाणी गोठायच्या आत वाहून जाईल अशी सोय बांधलीये, म्हणून ते जमतं.

सांधा मोटरने फिरलाच नाही तर क्रँक हँडल लावून हाताने फिरवायचा, क्लॅम्प मारून कुलूप घालायचं, लोको पायलटला लेखी परवाना द्यायचा आणि गाडी त्यावरून ताशी १५ किमीने काढायची. एका गाडीला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. एकाच मार्गावर तीन स्टेशनांत असं झालं की दीड तास गेला. सायन-कुर्ल्याला पाणी भरल्यावर आपल्या लोकलचं जे होतं तेच, फक्त पाणी घट्ट आहे.

मीनल_मुलुंड

वा, एवढं खोलात कोणी सांगितलं नव्हतं. डब्यातल्या हीटरचं कोणी सांगेल का? आणि वंदे भारत त्या भागासाठी वेगळी बनवलीये म्हणतात, ते खरं की जाहिरात?

खडी_आणि_रूळ

खरं आहे. ६ जून २०२५ला ही गाडी सुरू झाली. तिला पाण्याच्या आणि बायो-टॉयलेटच्या टाक्यांना सिलिकॉनचे हीटिंग पॅड आहेत, पाण्याच्या पाइपांना तापणाऱ्या केबल गुंडाळल्यात, आणि लोको पायलटच्या समोरच्या काचेत तारा घातल्यात, म्हणजे काचेवर दंव धरत नाही. ब्रेकच्या हवेतली वाफ गोठू नये याचीही सोय आहे. हा शेवटचा मुद्दा साधा वाटतो, पण थंडीत गाडीच्या ब्रेकला सगळ्यात जास्त धोका या वाफेचा. पाइपमध्ये बर्फाचा खडा अडकला की ब्रेक लागत नाही किंवा सुटत नाही.

डब्यातली ऊब वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेवर चालते. गाडी लाल सिग्नलला उभी आहे पण तारेत वीज आहे, तर हीटर चालू. बर्फाने लवलेली विलोची फांदी तारेवर पडली आणि वीज गेली, तर बॅटरीवर दिवे आणि थोडी खेळती हवा मिळते, हीटर नाही. बंद डबा माणसांच्या उबेवर काही वेळ तग धरतो. अशा वेळी दार उघडून फोटो काढायला उतरणाऱ्यांना आवरा, डब्याची निम्मी ऊब त्यांच्याबरोबर जाते.

पहाटेच्या गाडीत पेंटोशी (तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या दांड्याशी) निळे-हिरवे लोळ दिसले तर घाबरू नका. तारेवर दंव असतं, पहिली गाडी ते खरवडत जाते.

वेटिंगलिस्ट_सात

मंडळी काश्मीरचा बर्फ चघळत बसली आहेत आणि ताईंची गाडी अडकणार आहे मथुऱ्याजवळ. :) मुंबईहून जाणाऱ्याचा वैरी धुकं. बर्फाचा नंबर नंतर.

डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर मथुरा, दिल्ली, हरियाणा, पंजाब हा पट्टा रात्रभर धुक्यात असतो, आणि स्वराज तो पार करते तोच नेमका वाईट वेळी. स्टेशन मास्तर १८० मीटरवरची ठरावीक खूण दिसते का ते बघतो. दिसली नाही की धुक्याचे नियम लागू. सिग्नलच्या आधी रुळावर फटाके लावतात, ते चाकाखाली फुटले की लोको पायलटला कळतं की पुढे सिग्नल आहे. आता इंजिनात जीपीएसवरचं फॉग सेफ डिव्हाइस असतं, ते पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते सांगतं. तो लाल की हिरवा ते मात्र सांगत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून डिव्हाइस असूनही धुक्यात कमाल वेग ताशी ७५, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. एक गाडी मागे पडली की तिच्यामागची सगळी रांग मागे. चार-सहा तास उशीर जानेवारीत बातमी नसते.

त्यामुळे कटऱ्याला त्याच दिवशीची जोडगाडी अजिबात धरू नका. मुंबईहून श्रीनगरला थेट गाडी नाही, बदलावीच लागते, आणि बदलताना सुरक्षा तपासणी, सामान स्कॅनर, रांग हे सगळं आहे. आई बरोबर आहे म्हटल्यावर एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची गाडी. वंदे भारत कटऱ्याहून धरायची की जम्मूहून, आणि आठवड्यात कुठल्या दिवशी ती नसते, हे तिकीट काढताना वेळापत्रकात बघा. जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

आता पैशांचं. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची खिचडी करतात.

गाडी रेल्वेनेच रद्द केली आणि ई-तिकीट आहे, तर काही करायचं नाही. पूर्ण पैसे आपोआप येतात. तुम्ही घाईघाईने स्वतः कॅन्सल केलं तर मात्र नेहमीची कपात होते, तेव्हा हात आवरा.

गाडी तुमच्या स्टेशनावर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा आहे आणि तुम्ही जायचं नाही ठरवलं, तर टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरा. तो गाडी तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरावा लागतो. गाडी गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, ही तिसरी गोष्ट, आणि मुंबईकरांना हीच माहीत नसते. १ एप्रिल २०१९पासून दोन पीएनआर जोडता येतात. आयआरसीटीसीवर दुसरं तिकीट काढताना कनेक्टिंग जर्नीचा पर्याय घ्यायचा आणि पहिल्याचा पीएनआर टाकायचा. अटी: प्रवाशांची नावं आणि तपशील दोन्हीकडे तंतोतंत एकच, पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू, आणि दोन्ही ई-तिकिटं किंवा दोन्ही खिडकीची. एकीकडे आईचं माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं असं असेल तर जोडणी होणार नाही. पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर भरला की दुसऱ्या गाडीचे पैसे कपात न होता मिळतात. मधे मुक्काम ठेवलात तरी जोडून ठेवा, काही बिघडत नाही.

मीनल_मुलुंड

माहेरचं-सासरचं वाचून आधारकार्ड काढून बघितलं. धन्यवाद. :)

म्हणजे टीडीआर मोबाईलवरूनच भरायचा ना? आम्हा दोघींचे प्रीपेड नंबर आहेत. आणि इन्सुलिनचं कोणी बोललं नाही.

वेटिंगलिस्ट_सात

बरं झालं विचारलंत. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पंजाबची हद्द संपली की दोन्ही फोन मुके. मग ओटीपी नाही, टीडीआर नाही, गाडी कुठे आहे ते बघणं नाही. स्टेशनातलं फुकट वायफायसुद्धा ओटीपीच मागतं.

आयआरसीटीसीला जोडलेला नंबर निघायच्या आठ-दहा दिवस आधी पोस्टपेड करून घ्या. आदल्या दिवशी करू नका, मधे सिम काही वेळ बंद राहू शकतं. शिवाय लॉगिनचा पासवर्ड मुंबईत घरी असलेल्या कोणाला तरी देऊन ठेवा, वेळ पडली तर तो इथून भरेल. एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या ॲपवर) गाडी दिसत नसेल तर १३९ आहे.

औषधाची_पेटी

इन्सुलिनबद्दल. मुंबईत आपल्याला ते उकाड्यापासून जपायची सवय. तिकडे उलटं आहे. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी वापरायचं नाही, कारण त्याची ताकद भरवशाची राहत नाही. म्हणून पेन आणि जादाचा साठा कधीही बॅगेत, डिकीत, खिडकीच्या कठड्यावर ठेवू नका. आईच्या आतल्या थराच्या खिशात, अंगाला अगदी चिकटून नाही पण जॅकेटच्या आत. बर्फाच्या पिशव्यांचा जो डबा आपण उन्हाळ्यात वापरतो तो बर्फाविना घ्या, थर्मासचं काम करेल. साठा दोन ठिकाणी वाटून ठेवा, अर्धा आईकडे, अर्धा तुमच्याकडे.

ग्लुकोमीटरही थंडीत रुसतो. बहुतेक यंत्रं १० अंशांच्या खाली एरर देतात. यंत्र आणि पट्ट्या खिशात उबवून घ्या, आईचे हात कोमट पाण्यात किंवा काखेत धरून मगच टोचा. गार बोटातून थेंब निघत नाही आणि दाबून काढलेल्या थेंबाचं वाचन चुकतं.

रखडलेल्या गाडीत खरी भीती साखर उतरण्याची. जेवणाच्या भरवशावर डोस घेतला आणि जेवण आलंच नाही, असं होऊ देऊ नका. ताट समोर आल्यावर डोस. पर्समध्ये ग्लुकोज पावडर, बरोबर दशम्या, खाकरे, भडंग असा एक दिवस पुरेल इतका कोरडा खाऊ. थंडीत हात थरथरतात म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण थरथर साखरेचीही असू शकते. शंका आली की मोजा.

आणि कांगडी (निखाऱ्यांची हातात धरायची शेगडी). दिसायला छान, पण बंद खोलीत कोळशाचा वायू जीवघेणा असतो. झोपताना ती खोलीत नको, बुखारी (खोली तापवायची शेगडी) असेल तर खिडकीला बोटभर फट हवीच.

उबदार_ठाणे

कपड्यांचं थोडक्यात. फॅशन स्ट्रीटचं एक जाड जॅकेट घेऊन भागत नाही. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं. सुती बनियन आणि सुती मोजे घामाने ओले होतात आणि वाळत नाहीत, ते नकोत. वंदे भारतचा डबा गरम असतो, तिथे वरचे दोन थर काढा. घाम आलेल्या अंगाने फलाटावर उतरलात तर आजार तिथेच.

घसरण्याचा धोका ताज्या बर्फापेक्षा फलाटावरच्या तुडवून काचेसारख्या झालेल्या थरावर. बुटावर चढवायचे रबरी काटे तिकडे भाड्याने मिळतात, विकतही. डब्यात शिरण्याआधी तळवे आपटून बर्फ झाडायचा, नाहीतर आतल्या उबेत त्याचं पाणी होतं आणि माणूस आत शिरल्यावर घसरतो. आईंना पाऊल छोटं, पूर्ण तळवा टेकवत चालायला सांगा; हात खिशात नको.

गुलमर्गला जाताना तंगमर्गच्या पुढे चेन लावलेली गाडी लागते, भाडं तिथेच ठरवावं लागेल.

बोरिवली_फास्ट

मी बिनधास्त म्हणालो ते जरा फास्टच होतं. पण एक विचारतो, परतीच्या वेळी काय? जाताना अडकलात तर हॉटेल बुडेल, येताना अडकलात तर मुंबईची गाडी बुडेल.

खडी_आणि_रूळ

बरोबर मुद्द्यावर आलात. येताना उलट अडचण होते, ती गर्दीची.

मोठी बर्फवृष्टी झाली की श्रीनगरची विमानं रद्द होतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ रामबन-बनिहालच्या बाजूला दरडींनी बंद होतो, आणि तिथे कारण बर्फापेक्षा खालच्या उतारांवर पडणारा पाऊस असतो. मग विमानाचे आणि बसचे सगळे प्रवासी त्या एका रुळावर. रेल्वे दुपारी सुरू होते, पण तिकीट संध्याकाळपर्यंत उरत नाही. म्हणून परतीचं कन्फर्म तिकीट मुंबईत बसूनच काढा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४पासून), तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिकडे गेल्यावर बघू, हे जानेवारीत चालत नाही. तत्काळ आहे, पण एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडतं आणि आधार जोडलेलं खातं लागतं. ऐन गर्दीत त्यावर भिस्त ठेवू नका.

तुमच्या बेतात मी एकच बदल करीन. चार रात्रींपैकी एक श्रीनगरहून काढून कटरा किंवा जम्मूला परतीच्या वाटेवर टाका. म्हणजे श्रीनगरहून निघायचा दिवस आणि मुंबईची गाडी यात पूर्ण एक दिवस मोकळा. बर्फाने एक दिवस खाल्ला तरी स्वराज हातची जात नाही. आणि ती रोज नसते, चुकली तर दुसरी लगेच मिळेल असं नाही.

श्रीनगरहून शक्यतो दुपारची गाडी धरा. सकाळच्या गाडीला रात्रीचा बर्फ, पहाटेची गस्त, तारेवरचं दंव हे सगळं आधी पार करावं लागतं.

सांधेवाला_कुर्ला

दुपारच्या गाडीला माझी थोडी हरकत आहे. बर्फ चालू असताना दुपारची बरी, मान्य. पण बर्फ थांबून आकाश मोकळं झालं असेल तर सकाळची धरा. मोकळ्या आकाशाच्या दिवशी दुपारी वितळलेलं पाणी सांध्यात उतरतं आणि सूर्य कलला की गोठतं. अशा दिवशी संध्याकाळच्या गाड्या रखडतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बर्फ तर काल पडला होता.

खडी_आणि_रूळ

हो, ते खरं. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज दोन दिवस आधी बघा. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, बर्फ-पाऊस आणणारी वादळी हवा) येतोय म्हणाले तर तो पोचायच्या आत निघा. तो गेल्यावर निघायचं असेल तर सांधेवाल्यांचं ऐकून सकाळची गाडी.

मीनल_मुलुंड

ठरलं. जाताना कटऱ्याला एक मुक्काम, येताना एक मोकळा दिवस, श्रीनगर तीन रात्री. दोन्ही पीएनआर जोडते, माझा नंबर उद्याच पोस्टपेड करायला टाकते. आईला इन्सुलिन कुठल्या खिशात ते सांगितलं तर म्हणाली, स्वेटरला आतून खिसा शिवून घेते. गुलमर्गचा दिवस पहिला ठेवावा की शेवटचा?

उबदार_ठाणे

पहिला. बर्फाने तो बुडाला तर दुसरा हातात राहतो. फक्त पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईंना २,६०० मीटरवर नेताना सकाळी साखर आणि बीपी बघून मगच गाडीत बसवा.